इंद्रभानकाकांचे उघडे डोळे

"देव एकवेळ चुकंल, पण पंच चुकत न्हाई," असं इंद्रभानकाकांनी माइकवरून साऱ्या शहागडला बजावलं आणि षटक संपल्याची खूण केली. त्या षटकाचे तोवर पाचच चेंडू झाले होते.

शहागडात टेनिस बॉलचे सामने सुरू झाले तेव्हापासून पंचाचा पांढरा कोट काकांच्याच अंगात होता. त्यांच्याविरुद्ध एकच पुरावा लोक पुढे करत, तो म्हणजे फोटो. काकांच्या स्वतःच्या लग्नापासून पुतण्याच्या साखरपुड्यापर्यंत एकाही फोटोत त्यांचे डोळे उघडे नव्हते. बाद दिलेला फलंदाज जाता जाता हटकून म्हणायचा, "काका, फोटो काढून राह्यले व्हते का कोणी?"

त्यात टीव्हीवर तिसरा पंच आला आणि पोरं फारच शेफारली. सकाळीच बदनापूरचा कप्तान मच्छिंद्र म्हणाला होता, "काका, आता मशीन सांगतंय कोण बाद ते." काका म्हणाले, "मशीननं मला चुकीचं ठरवलं तर हा कोट इथंच उतरवीन."

असा तो अंतिम सामना. बदनापूरला जिंकायला शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती. बरोबरी झाली तर चषक यजमानांचा, हा खास शहागडचा नियम होता. मच्छिंद्रने चेंडू ढकलला आणि पळत सुटला. हायवेवरचे ट्रकवाले टपावर उभे राहिले. फेक आली, गोलंदाज देवानंदने ती झेलून यष्ट्यांवर हाणली आणि काकांचं बोट वर गेलं.

शहागड नाचायला लागलं. बदनापूर मैदानात घुसलं.

"मी कवाच पोचल्तो," मच्छिंद्र म्हणाला.

"कुठं, बदनापूरला?" देवानंदने विचारलं.

तेवढ्यात कुणाला तरी बद्रीनाथ आठवला. बद्रीनाथ लग्नाच्या शूटिंगवाला. प्रमुख पाहुणे अप्पाराव चषक देणार म्हणून त्याला कॅमेऱ्यासकट बोलावलं होतं, आणि त्याने सकाळपासून सगळा सामना टिपला होता.

"मंग दाखवा," मच्छिंद्र म्हणाला.

"दाखवा," काकाही म्हणाले आणि त्यांनी कोटाचं वरचं बटण लावून घेतलं.

समोरच्या ढाब्यावरचा टीव्ही बाजेवर ठेवून मैदानात आला. ट्रकची बॅटरी आली. कॅमेऱ्याची वायर टीव्हीला लागली. पण उन्हात पडद्यावर आपलंच तोंड दिसत होतं, म्हणून एका मेंढपाळाची घोंगडी आणून टीव्हीवर टाकली. घोंगडीखाली पाच डोकी मावली: काका, मच्छिंद्र, देवानंद, अप्पाराव आणि बद्रीनाथ. बाहेर अख्खं गाव त्या पाच पाठींकडे श्वास रोखून बघत होतं. देवानंदने माइक आत ओढून घेतला.

"चेंडू टाकला बरं का," घोंगडीतून आवाज आला. "मच्छिंद्र पळाला. अर्ध्यात आला. फेक निघाली..."

मैदान चिडीचूप.

"आता केळं आलं."

"कोण आलं?" बाहेरून लोक ओरडले.

"केळं. अप्पाराव केळं सोलून राह्यलेत."

झालं होतं असं की, लग्नात शेवटच्या मंगलाष्टकेला अक्षता पडल्या रे पडल्या की बद्रीनाथ कॅमेरा नवरानवरीवरून काढून पाहुण्यांवर फिरवायचा. नाहीतर पाहुणे नंतर घरी येऊन भांडत, आम्ही कुठंच दिसलो न्हाई म्हणून. इथंही गलका शिगेला पोचला आणि बद्रीनाथचा हात आपोआप पाहुण्यांच्या स्टेजकडे वळला. केळं सोलून झालं, अप्पारावांनी पहिला घास घेतला, मग कॅमेरा परत आला, तर यष्ट्या पडलेल्या आणि बोट वर.

"छान आलंय," अप्पाराव म्हणाले.

"जरा मागं घे," मच्छिंद्र म्हणाला. "केळ्याच्या आधी. सावकाश."

बद्रीनाथने चित्र सावकाश सोडलं. कॅमेरा खेळपट्टीवरून स्टेजकडे सरकताना वाटेत तिघं दिसत होते. फेक अजून हवेत होती. देवानंद चेंडूची वाट बघत होता, पण मान कॅमेऱ्याकडे. मच्छिंद्र पळता पळता हळू झालेला, मोकळ्या हाताने भांग सारखा करत होता. आणि मधोमध इंद्रभानकाका, यष्ट्यांकडे पाठ, छाती पुढे, एक हात बटणावर, थेट कॅमेऱ्यात बघत उभे.

मग पाचही डोकी एकेक करून बाहेर आली.

"काय दिसलं?" गावाने विचारलं.

"बिलकुल कोणालाच काय दिसलं न्हाई," काका म्हणाले. "मलाबी. माझा निकाल मागं. चेंडू परत टाका."

मच्छिंद्रने हुज्जत घातली नाही. तो खिशातला कंगवा आणखी खोल ढकलत होता. या खेपेला मात्र कॅमेरा पेटीत घातला, वर टॉवेल टाकला आणि बद्रीनाथला त्याच्यावरच बसवलं.

देवानंद धावत आला. मच्छिंद्रने सगळा जीव एकवटून बॅट फिरवली. चेंडू स्टेजवरून, ढाब्यावरून गेला तो थेट उसाच्या चालत्या ट्रकमध्ये पडला आणि गोदावरीचा पूल ओलांडून निघून गेला. पंचाने काही ठरवायचं शिल्लकच राहिलं नाही. काकांनी दोन्ही हात वर केले. सामन्यातला सगळ्यांत देखणा फटका, आणि त्याचं शूटिंग झालं नाही.

बदनापूरने मच्छिंद्रला खांद्यावर घेतलं. काकांनी कोट उतरवला, घडी घातली आणि बाजेवर ठेवला. मच्छिंद्र खांद्यावरून खाली उतरला.

"काका, घाला अंगात. पुढच्या साली आम्ही शिव्या कोणाला द्यायच्या?"

काकांनी कोटाला हात लावला नाही. बनियनवरच ते तरातरा बद्रीनाथकडे निघाले. गर्दी दुभंगली. देवानंद मधे पडायच्या तयारीने मागोमाग धावला. बद्रीनाथ टॉवेलवरून उठून दोन पावलं मागे सरकला.

काका त्याच्या अगदी जवळ गेले.

"बद्रीनाथ," ते हळूच म्हणाले, "केळ्याच्या आधी मी दिसतो बघ. माझे डोळे उघडे हायेत त्याच्यात. तेवढा एक फोटो काढून देतो का? घरी लावायला."