मुसाच्या गाडीचे पाटे

"चाचा, ही रिंग फिरवली की गाडी खाली बसते, नि हा नॉब फिरवला की मऊ!" पुतण्या जुहेब दुबईहून व्हिडिओवर दाखवत होता. शॉक-अब्सॉर्बर नि त्याच्याभोवती गुंडाळलेली स्प्रिंग. नाव कॉइलओव्हर.

मुसा बघतच राहिला. त्याच्या पिकअपला जुने पाटे होते, एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. ती पिकअप दरवर्षी जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यातून गणपती पोचवायची. मागल्या खेपेला रोह्याच्या वाटेवर, नागोठण्याच्या अलीकडे, एका खड्ड्यात मूर्तीचं बोट तुटलं. कारखान्याच्या काशीबाईंनी ते मुकाट्यानं जोडलं. यंदा मात्र त्यांनी विचारलं, "मुसाभाय, रोह्याचा गणपती दुसऱ्या गाडीनं धाडू काय?" तेव्हापासून मुसाला जेवण गोड लागत नव्हतं.

"घ्या की," त्याची बायको सलीमा म्हणाली. "माझ्या कमरेसाठी कदी स्प्रिंग इचारलीत नाय ती."

हिनाचं पदार्थविज्ञान नुकतंच शिकून झालं होतं. "अब्बा, आधी बघूया तरी," म्हणत तिनं पिकअपच्या मागच्या हौद्यात पाण्याचं पातेलं ठेवलं नि शेजारी बसली. मुसानं गाडी काढली. पहिल्याच गतिरोधकाला अर्धं पातेलं तिच्या अंगावर.

"बघितलंस? घेतोच मी!"

तेवढ्यात कारखान्यातल्या बायका आडव्या आल्या, एसटी चुकलेल्या. पुढे काशीबाई. "मुसाभाय, जित्याच्या स्टेशनावर सोड रं!" रंगानं माखलेल्या हातांनी सगळ्या वर चढल्या. हिनानं पातेलं पुन्हा काठोकाठ भरून घेतलं. पुन्हा गतिरोधक आला. पाणी नुसतं डुललं.

"अब्बा, थांबा!" हिना ओरडली. "पाट्यांचा काही दोष नाही. ते टनभर मालासाठी केलेत. मूर्ती आतून पोकळ, हलकी. पाटे दबतच नाहीत, म्हणून हादरा वर जातो."

"म्हंजे ओझं कमी पडतंय?"

"ओझं कुणाला रं म्हणतोस?" काशीबाई गरजल्या, नि हौदाभर हशा पिकला.

गणपती निघाला तो त्याच पाट्यांवर. खाली तांदळाच्या गोणी, वर पेंढा, मध्ये मूर्ती, भोवती गाणी म्हणणाऱ्या बायका. सलीमाही त्यांच्यात दाटीवाटीनं बसली. रोह्यात ढोल वाजत असताना काशीबाईंनी मूर्तीचं एकेक बोट चाचपलं. मग पहिला पेढा मुसाच्या हातावर ठेवला.

"फुडल्या वर्षी लवकर ये," एवढंच म्हणाल्या.

बायका रेल्वेनं जित्याला गेल्या, गोणी दुकानात उतरल्या. रिकामी पिकअप खडखडत परत निघाली. सलीमा आता पुढे बसली होती. नागोठण्याच्या खड्ड्यापाशी मुसानं वेग अगदी कमी केला.

"आता मागं कोण हाय, एवढं जपायला?" तिनं विचारलं.

एक हात स्टिअरिंगवर ठेवून मुसानं आपल्या पाठीमागची उशी काढली, तिच्या कमरेमागे सारली, नि मग चाक अलगद खड्ड्यात उतरवलं.