एका पायावरची लेन्स

आमच्या घरात चार किलोंची लेन्स आहे. नातवंडं नाहीत, कुत्रं नाही, लेन्स आहे. कपाटाचा सगळ्यात कोरडा कप्पा तिला मिळालाय आणि माझे स्वेटर पलंगाखाली गेलेत. प्रवासात तिला मांडीवर घेऊन बसावं लागतं. एकदा बसमध्ये शेजारच्या बाईंनी त्या गुंडाळलेल्या गाठोड्याकडे बघून कौतुकाने विचारलं, "किती महिन्यांचं?" मी म्हटलं, "नऊ वर्षांची आहे." त्या उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

तर ही लेन्स विकायची, असं आमच्या स्वारीने एका बुधवारी जेवताना जाहीर केलं.

"कॅमेऱ्याच्या दुकानात फोन केलाय. रविवारी संध्याकाळी त्यांचा माणूस येऊन घेऊन जाईल. भाजी वाढ."

मी भाजी वाढली, पण ती आमटीच्या वाटीत. का, ते सांगते. आमचे हे घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून यांनी मनगटी घड्याळं दुरुस्त केली. तिळाएवढा स्क्रू चिमट्याने उचलायचा आणि पहिल्या फटक्यात जागेवर बसवायचा. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, धोका काही नाही, पण हे जाणारही नाही. दुकान बंद झालं. पुढचे आठ महिने हा माणूस खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत होता. काही विचारलं की "हं". भांडण काढलं की "तू म्हणशील तसं." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ऐकलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

त्यांना खुर्चीतून उठवलं ते रविवारच्या हौसेसाठी घेतलेल्या या लेन्सने. गावाबाहेर एक तळं आहे, तिथे हे आता रोज पहाटे जायला लागले. ट्रायपॉड उभा करायचा, त्यावर लेन्स ठेवायची, बटण दाबायला लांब वायर. मग हात थरथरला काय आणि न थरथरला काय, फोटोत खंड्या पक्षी पिसान् पीस स्वच्छ यायचा. घरी येऊन तो फोटो मला दाखवायचे आणि मी कौतुकात कमी पडले की भांडायचे. आमचं छान चाललं होतं.

गेल्या महिन्यात तळ्यावरच्या फळ्यांच्या अरुंद वाटेवर कुणीतरी कुणाच्या तरी ट्रायपॉडला अडखळलं आणि सरळ पाण्यात गेलं. दुसऱ्या दिवशी पाटी लागली, ट्रायपॉड आणू नये. मग यांनी लेन्स हातात धरून फोटो काढायला सुरुवात केली. तीन आठवडे खंड्याच्या जागी नुसता निळा धूर येत होता. ते धुराकडे बघायचे, कॅमेरा बंद करायचे आणि घरी येऊन खुर्चीत बसायचे. मला ती भिंत पुन्हा दिसायला लागली.

मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, मोनोपॉड घ्या ना! एकच पाय असतो त्याला. कोण अडखळणार?" तिने तिकडूनच मागवला आणि शुक्रवारी तो दारात हजर झाला.

"ही काठी आहे," हे म्हणाले. "मी म्हातारा झालो, असं दोघी मायलेकी तोंडावर सांगा ना सरळ."

"म्हातारे तुम्ही झालाच आहात. पण काठी लेन्ससाठी आहे."

"एका पायावर काही उभं राहत नाही."

"तुमचे दोन पाय कुठे गेलेत? दोन आणि एक तीन. रविवारी सकाळी एकदा जाऊन बघू. एक फोटो धड आला तर लेन्स घरात राहील."

"आणि नाही आला तर तू मध्ये तोंड घालायचं नाहीस."

मी कबूल केलं. माझ्यासारखीने हे कबूल करायचं म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

मी तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली आहे, त्यामुळे उभं कसं राहायचं याबद्दल मला कुणी शिकवू नये. शनिवारी दिवाणखान्यात तालीम ठेवली. चार किलो बटाट्यांची पिशवी मोनोपॉडच्या डोक्यावर घट्ट बांधली, कारण खऱ्या लेन्सवर प्रयोग करायला मी काही वेडी नाही. "पाय फाकवा. काठीचं टोक पुढे. आता तिच्यावर थोडे रेला. डावा हात लेन्सच्या पाठीवर, वरून दाब द्या. वजन जमिनीला जाऊ दे, तुम्ही नुसता आधार द्यायचा." स्वारी कुरकुरत उभी राहिली. आणि खरंच, पिशवी हलेना! हात कापत होता, पण बटाट्यांना त्याचा पत्ता नव्हता.

घोळ वेगळाच निघाला. नऊ वर्षं ट्रायपॉड वापरलेल्या माणसाला एक खोड लागते. फोटो झाला की तो दोन्ही हात सोडून देतो. नाक खाजवतो, शर्ट नीट करतो. ट्रायपॉड बिचारा उभा असतो. मोनोपॉड उभा राहत नाही. तासाभरात बटाटे चार वेळा जमिनीवर आले आणि त्यातले सहा सोफ्याखाली गेले. पाचव्या वेळी मी मैदानावरच्या आवाजात "हात!" म्हणून ओरडले, तेव्हा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ काही मदत हवी का, असं विचारायला वर आले.

रविवारी उजाडताना आम्ही तळ्यावर होतो. लेन्सच्या पोटाखाली एक छोटा पाय असतो, तो यांनी मोनोपॉडवर घट्ट बसवला. कॅमेऱ्याचा पट्टा मात्र गळ्यात घातला नाही. मान आखडते म्हणे. वाकलेल्या सुक्या फांदीवर खंड्या येऊन बसला. यांनी पाय फाकवले, रेलले, दाब दिला, अगदी मी सांगितलं तसं. एक फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितला.

"चोच!" ते कुजबुजले. "अगं, चोच आलीय!"

धूर नव्हता. मान अजून पुसट होती, पण चोच होती. त्यांचा चेहरा असा काही फुलला की मी त्यांच्या हातांकडे बघायचं विसरले. आणि त्या आनंदात त्यांनी दोन्ही हात सोडले आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

मला ओरडता येईना. ओरडले असते तर खंड्या उडाला असता. चार किलोंची आमची लेक सावकाश माझ्या बाजूला कलायला लागली. मी सरळ एक गुडघा टेकला आणि ती माझ्या खांद्यावर आदळली. कळ पार कानापर्यंत गेली. यांनी मागून कॅमेरा पकडला. चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्यांनी समोर बघितलं. खंड्या तिथेच होता.

"हलू नकोस," ते म्हणाले.

माझा खांदा धरून त्यांनी मला जरा डावीकडे वळवलं, खिडकीचं दार वळवावं तसं. खंड्याने पाण्यात सूर मारला, मासा घेऊन परत फांदीवर बसला आणि माझ्या कानाशी खट खट खट असे सात-आठ फोटो झाले.

आम्ही डोकी जुळवून पडदा बघितला. माशाचा डोळा दिसत होता, पाण्याचे थेंब मोजता येत होते. आणि तरी सगळं चित्र किंचित, अगदी किंचित हललेलं.

"तू श्वास घेतलास," हे म्हणाले.

"काय?"

"नेमका त्याच क्षणी! एवढा सूर मारलेला खंड्या, आणि तुला तेव्हाच श्वास आठवला? तीस वर्षं पीटी शिकवली म्हणे!"

फळ्यांच्या वाटेवर ते बोलत होते, बसमध्ये बोलत होते, जिना चढताना धाप लागली तरी बोलत होते. स्क्रू बसवताना ते कसा श्वास धरायचे, याचं प्रात्यक्षिक त्यांनी मला जिन्यातच करून दाखवलं. मी खांदा चोळत ऐकत होते.

संध्याकाळी दुकानाचा माणूस आला. मी स्वयंपाकघरात होते. दार यांनी उघडलं.

"लेन्स न्यायला आलोय," तो म्हणाला.

"विकायची नाही," यांचा आवाज खणखणीत होता. "फोटो बिघडला तो बायकोने श्वास घेतला म्हणून. लेन्सची काय चूक? हातही ठीक होता माझा."

मी ओट्याला धरून उभी राहिले. मी श्वास घेतलाच नव्हता. लेन्स खांद्यावर आदळल्यापासून शेवटच्या खट्पर्यंत मी तो छातीत कोंडून धरला होता. इतका की डोळ्यांपुढे काजवे चमकले. हललं होतं ते यांचं बोट. हे मी त्यांना कधी सांगणार नाही.

दार लागलं आणि हे आत आले.

"उद्या मोनोपॉडवरच ठेवतो. त्याला निदान श्वास तरी घ्यावा लागत नाही. तू नुसती माझ्या हातांवर लक्ष ठेव."

"चुकलंच माझं," मी म्हटलं आणि पाचचा गजर लावला.