खालच्या बाजूचा श्वास

गाईला थंडी बाधू नये म्हणून दूधवाल्याने गोठ्याच्या सगळ्या खिडक्या पोत्यांनी बुजवल्या होत्या. जनावरांच्या डॉक्टरांनी आत पाऊल टाकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मुताच्या वाफेत कोंडलंत हिला. आधी ती पोती काढा."

"बाईसाहेबांचे लाड, दुसरं काय," पोतं ओढत दूधवाला म्हणाला. "माझ्या अंगावर कोणी एवढं पांघरूण घालत नाही."

"तुम्ही कुठे दूध देता?" त्याची बायको म्हणाली. ती गाईच्या उजव्या कुशीला कपाळ टेकून उभी होती. धार काढतानाची सवय. पण गाय आटल्यावरही ती तशीच उभी राहायची.

गाय मान ताणून तोंडाने धापा टाकत होती. डॉक्टरांनी डावीकडे स्टेथोस्कोप लावला आणि हळूहळू खाली सरकवला.

"इथलं फुप्फुस निकामी झालं असेल असं वाटलं होतं. पण हवा चांगली जातेय."

"म्हणजे वाचेल?" बायकोने डोकं वर काढून विचारलं.

नळीतला आवाज थांबला. भिंतीला नळी लावावी तसं झालं.

"वहिनी, परत टेका बघू."

ती टेकली. आवाज आला. भरदार, संथ. गाईच्या बरगड्या मात्र भराभर हलत होत्या.

डॉक्टर वळसा घालून आले आणि त्यांनी नळी बायकोच्या पाठीला लावली, खालच्या बाजूला. मग ती दूधवाल्याच्या कानात घातली. बायकोची पाठ श्वासाबरोबर वर-खाली होत होती. आत काहीच ऐकू येत नव्हतं.

"सोड तिला," दूधवाला म्हणाला. "दुसरी गाय घेऊ."

"बायकोही मिळेल की दुसरी. हिला जरा सावरू दे, मग येते."

त्याने तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला मागे ओढलं. गाय गुडघ्यांवर आली, आडवी झाली. तिच्या बरगड्या हलायच्या थांबल्या.

डॉक्टरांनी पुन्हा बायकोच्या पाठीला नळी लावली.

"आहे," ते म्हणाले. "हवा जातेय."

दूधवाल्याने तिचे खांदे सोडले. डॉक्टरांनी मात्र नळी काढली नाही.

"वहिनी, श्वास रोखून धरा."

तिने धरला. पाठ निश्चल झाली. डॉक्टरांच्या कानातल्या धापा चालूच राहिल्या.