तळ्याच्या पाण्याची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. माझ्या पोटात जे तपकिरी, बुळबुळीत पाणी दिसते ना, ते बघून नाक मुरडू नका. ते मी माझ्या हौसेने भरून घेतलेले नाही.

आम्ही दोघी बहिणी. एकाच भट्टीत, एकाच कारागिराच्या फुंकेने जन्मलो. आधी मी, मागाहून धाकटी. एका संशोधन संस्थेने आम्हाला विकत घेतले आणि तिथल्या मोठ्या सरांच्या टेबलावर बिस्किटे भरून ठेवले. ते दिवस सुखाचे होते. येणारा जाणारा म्हणायचा, "काय नितळ काच आहे हो!" मी तर तेव्हा फुलून जायचे. धाकटी लाजायची.

ही संस्था झाडे, हवा, पाणी यांची पैशांत किंमत काढायची. मला वाटायचे, असेल बुवा, शहाणी माणसे आहेत! मग एक दिवस तळ्याचे काम आले. गावाकडच्या तळ्यात कपडे रंगवणारा एक कारखाना आपले घाण पाणी सोडत होता. ते आधी स्वच्छ करून मग सोडावे, अशी सक्ती त्याच्यावर करायची की नाही, हे एक समिती ठरवणार होती. कारखान्याचे म्हणणे असे, की सफाईचा खर्च त्या तळ्याच्या किमतीहून जास्त आहे. झाले! काढा तळ्याची किंमत.

हे काम सरांच्या हाताखालच्या एका तरुण ताईकडे आले. तिने आमच्यातली बिस्किटे काढली. धाकटीत गाळलेले स्वच्छ पाणी भरले आणि माझ्यात तळ्यातले. त्या पाण्याचा पहिला वास अजून विसरता येत नाही. शी! आम्हाला पिशवीत घालून ताई तळ्याकाठच्या घराघरांत फिरू लागली. उंबऱ्यावर आम्हा दोघींना शेजारी शेजारी ठेवायची आणि विचारायची, "हे पाणी असं स्वच्छ व्हावं म्हणून तुम्ही महिन्याला किती पैसे द्याल?"

पहिलेच घर होडीवाल्या मावशीचे. तिच्या होड्या काठावर पालथ्या पडलेल्या. एके काळी लोक नुसती हवा खायला तिच्या होडीत बसायचे. तिचा नवरा तळ्यात पोरांना पोहायला शिकवायचा. आता पाण्यात पाय घातला तरी खाज सुटते, तर होडीत बसायला कोण येणार? नवरा दुसरीकडे पहारेकरी म्हणून राबत होता. पाणी स्वच्छ झाले तरच तिचा धंदा उभा राहणार होता.

मावशीने प्रश्न ऐकला आणि कमरेवर हात ठेवले. "म्हणजे घाण करणार ते, आणि वर्गणी काढायची आम्ही? वा गं वा!"

"मावशी, मी नुसतं विचारतेय. एखादा आकडा सांगा."

"एक पैसा देणार नाही. ज्यांनी नासवलं त्यांच्याकडून घ्या."

"मग मला शून्य लिहावं लागेल हो."

"लिही की! चांगलं ठळक लिही. कळू दे त्यांना आमचा राग!"

ताई अडखळली, पण नियमाप्रमाणे तिने शून्य लिहिले. मावशीने ती बातमी गल्लीभर केली. "आकडा बिकडा देऊ नका, त्यांच्या तोंडावर शून्य मारा!" मग काय, दारोदार शून्य. लोक छाती पुढे काढून सांगत होते. त्यांना वाटत होते, आपण चांगली चपराक दिली.

संस्थेत परतल्यावर ताई म्हणाली, "सर, ही शून्यं रागाची आहेत. ही किंमत म्हणून मोजायची नसतात."

सर बिस्किट खात होते. "रागाला आपल्याकडे रकाना नाही," ते म्हणाले. "द्यायला तयार नाहीत म्हणजे त्यांना गरज नाही. शून्य म्हणजे शून्य."

मित्रांनो, माझा तिळपापड झाला! मला हात असते तर मी त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर लवंडले असते.

मग सभेचा दिवस आला. पुढे समिती आणि कारखान्याचे साहेब, मागच्या बाकांवर तळ्याकाठचे लोक. आम्ही दोघी टेबलावर, पुरावा म्हणून. सरांनी घसा खाकरून वाचले, "तळ्याकाठच्या बहुतेक कुटुंबांच्या लेखी स्वच्छ पाण्याची किंमत शून्य आहे." कारखान्याचे साहेब गालातल्या गालात हसले.

मावशी ताडकन उठली. "अहो, आम्ही असं कधी म्हटलं?" कोणीतरी तिला कागद दाखवला. ठळक शून्य. तिच्या सांगण्यावरून लिहिलेले. ती मटकन खाली बसली. "मीच सांगितलं गं सगळ्यांना," एवढेच ती शेजारणीला म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. तिचा तो चेहरा आठवला की आजही माझा जीव तुटतो.

तेवढ्यात ताई पुढे आली. तिने माझे झाकण उघडले आणि मला उचलून सरांच्या पुढ्यात ठेवले. वास पसरला. साहेबांनी रुमाल काढला.

"सर, यातलं घोटभर पाणी प्यायचे तुम्ही किती पैसे घ्याल?"

"हा काय आचरटपणा?"

"आकडा सांगा, सर. लाख? कोटी?"

"अहो, कितीही दिलेत तरी मी हे पिणार नाही!"

ताईने पेन उघडले. "मग काय लिहू, सर? शून्य?"

सरांनी मला दोन बोटांनी दूर सारले. मागच्या बाकावरून कोणीतरी मोठ्याने हसले आणि समितीच्या अध्यक्षांनी अहवाल मिटून परत केला. लोकांना पुन्हा, नीट विचारा, असे ठरले.

तुम्हाला वाटेल, जिंकलो आपण. कसले डोंबलाचे जिंकलो! पुन्हा विचारणा होईपर्यंत कारखान्याचा पाइप चालूच आहे. काल निळे पाणी आले, आज लाल. ताईला त्या कामावरून काढून दुसऱ्या विभागात बसवले. धाकटी पुन्हा बिस्किटे भरून सरांच्या टेबलावर मिरवते आहे. मला फेकून देणार होते, पण मावशीने मागून घेतले. आता मी तिच्या खिडकीत असते.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी शिकूनसवरून आकडे मांडायला बसाल. तेव्हा एखादे शून्य दिसले, तर ते सांगणाऱ्याच्या दारात जाऊन या आणि त्याला का म्हणून विचारा. आणि माझ्यावर दया दाखवून मला घासूनपुसून ठेवू नका. मला परत नितळ व्हायचे आहे, पण याच तळ्याच्या पाण्याने.

मावशीने आता आकडे सांगणे सोडले आहे. तळ्याची किंमत विचारायला कोणी आले, की ती त्याला बसायला सांगते, माझे झाकण उघडते आणि समोर पेला ठेवते.