दोन्या तुलियाला न विचारलेला प्रश्न

गेल्या वर्षभरात दोन्या तुलियासमोर बसलेल्या एकाही विद्यार्थ्याने तिला वाचता येते का, हे विचारले नाही.

दोन्या तुलिया, म्हणजे तुलियाबाई, अशी कुणी अस्तित्वात नव्हती. पोपायान शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात परीक्षेसाठी खोटे रुग्ण उभे करत. त्यांचे पूर्वायुष्य, दुखणे आणि संवाद लिहिण्याचे काम लिसिमाको काइसेदोकडे होते. नटनट्या ते पाठ करून विद्यार्थ्यांसमोर बसत. तुलियाचे दुखणे साधे होते. रक्तदाबाच्या गोळ्या ती चुकीच्या पद्धतीने घेई, कारण खोक्यावरची सूचना तिला वाचता येत नसे, आणि ही गोष्ट ती लपवत असे. विद्यार्थ्याने हुडकायचे ते एवढेच.

लिसिमाको मूळचा जीवरसायनशास्त्राचा शिक्षक. कारणावाचून काही घडते यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. आधी नटी बदलली, मग खोली. मग खोके विद्यार्थ्याच्या अगदी नाकासमोर ठेवले. निकालात फरक पडला नाही. तेव्हा आजकालच्या मुलांना कान नाहीत असा निष्कर्ष त्याने काढला आणि परीक्षा समितीला तो रीतसर कळवला. आज नापासांची फेरपरीक्षा होती. तीतही जो चुकेल, त्याचे वर्ष जाणार होते.

सकाळीच नटीचा फोन आला. तिला डेंग्यू झाला होता.

"मी बसते की," तव्यावर मक्याचे अरेपे टाकत लिसिमाकोची आई म्हणाली. "आजारी म्हातारीच व्हायचंय ना? तेवढं न शिकवता येतंय मला."

दुसरा इलाज नव्हता. लिसिमाकोने टेबलाशी बसून तिला संवाद वाचून दाखवायला सुरुवात केली. "'डॉक्टर, उपचारांत मी कधीच हयगय केलेली नाही. मात्र अलीकडे गोळ्यांचा अपेक्षित परिणाम जाणवत नाही.'"

आईने अरेपा उलटला. "ही कोण? गव्हर्नरची मेव्हणी?"

"शेतावर राबणारी बाई आहे, आई. पातियाच्या खोऱ्यातली."

"आमच्या पातियात अशी बाई निघाली असती, तर पाद्रीबुवांना घरी बसवून तिलाच प्रवचनाला उभी केली असती आम्ही."

तो पुढे वाचत राहिला. चक्कर येऊन तुलिया धुण्याच्या दगडावर पडते. दवाखान्यात कागद पुढे केला की चष्मा घरी राहिला म्हणते. आईचा हात थांबला.

"दगडावर पडले ती मी."

"हो."

"मग ही बोलतीय ती कोण?"

चष्म्याबद्दल ती काही बोलली नाही. चष्मा तिने कधी घेतलाच नव्हता, आणि त्याविषयी मायलेकांत आजवर एक शब्दही निघाला नव्हता.

"पाठ करू नकोस," लिसिमाको म्हणाला. "तुझ्या मनानं बोल."

परीक्षेच्या दालनापाशी विभागप्रमुख डॉक्टर ओल्गीन भेटल्या. "या कोण?"

"शेजारी राहतात आमच्या," लिसिमाको म्हणाला. हे उत्तर त्याने योजलेले नव्हते. ते तयारच असल्यासारखे तोंडातून आले.

आईने त्याच्याकडे एकदा पाहिले.

"हो बाई, भिंतीला भिंत," ती म्हणाली. "लई गुणी पोरगा. आईनं वळण बरं लावलंय."

ती आत जाऊन बसली. काचेच्या या बाजूने लिसिमाको आणि डॉक्टर ओल्गीन पाहत होते. त्या बाजूने काच नुसता आरसा होती. पहिली आली ती युरानी आंगुलो. गेल्या वेळी तिने तुलियाला हृदयाच्या सगळ्या तपासण्या लिहून दिल्या होत्या.

"काय होतंय, आजी?"

"काय सांगू लेकी, डोकं गरगरतंय. गोळ्या खाते की. डोकं दुखलं की पांढरी खाते. दुखत नसताना कशाला वाया घालवायची?"

"खोक्यावर कशी घ्यायला सांगितलीय?"

"चष्मा घरी राहिला बघ."

युरानी लिहायला वाकली आणि थांबली. तिने पेन खाली ठेवले, खुर्ची जवळ ओढली.

"आजी, चष्मा असता तर वाचता आलं असतं?"

आईने मान वळवून आरशाकडे पाहिले. तिथे तिला तिच्याखेरीज कोणी दिसणे शक्य नव्हते.

"नाही गं बाळ," ती म्हणाली. "मला येतच नाही वाचायला."

लिसिमाकोने या जागी लिहिलेले वाक्य होते, 'मी निरक्षर आहे हे मला मान्य करावे लागेल.' आईचे वाक्य त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकले.

त्यानंतर आलेल्या प्रत्येकाने तो प्रश्न विचारला. एकाने तो फार ओबडधोबड विचारला, पण विचारला.

"कमाल बाई आहे," डॉक्टर ओल्गीन म्हणाल्या. "हिलाच ठेवा कायमची. पण मला एक कळत नाही, लिसिमाको. दुखणं तेच, खोकं तेच, मुलंही तीच. मग वर्षभर अडलं कुठं?"

काचेपलीकडे शेवटचा मुलगा आईला उठायला हात देत होता. तिने तो घेतला नाही. खुर्चीच्या पाठीला धरून ती आपली आपण उभी राहिली.

"त्या शेजारी नाहीत," लिसिमाको म्हणाला. "माझी आई आहे ती."

डॉक्टर ओल्गीन काचेकडून त्याच्याकडे वळल्या.

"तुलिया मी आईवरून लिहिली. पण आई बोलते तसं कागदावर उतरवायची मला लाज वाटली, म्हणून मी तिचं बोलणं सुधारलं. ते पुस्तकं वाचलेल्या बाईचं बोलणं झालं. तसं बोलणाऱ्या बाईला वाचता येतं का, असं कुणालाही विचारावंसं वाटणार नाही. मुलांच्या कानांत दोष नव्हता. त्यांना ऐकू येईल असं काही मी ठेवलंच नव्हतं."