ओला रेनकोट

गेल्या महिन्यात म्हातारा कुत्रा भुऱ्या न्यूमोनियातून जेमतेम वाचला होता. पुन्हा गारठला तर टिकणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी संध्याकाळी फिरायला नेताना आबांनी त्याच्या अंगावर सकाळचाच रेनकोट चढवला.

"आबा, आतून ओलाचिंब आहे हा. हात तरी लावून बघायचा," सून कडाडली.

"बाहेर पाऊस आहे. पट्टे घट्ट लावलेत मी."

"म्हणजे गारठा पक्का बांधलात."

तिने रेनकोट ओढून काढला. भुऱ्या थरथरत होता. आबांनी स्वतःचा स्वेटर उतरवून त्याला घातला.

"चिखल लागला तर तुम्हीच धुवायचा."

"धुईन."

दोघं धुसफुसतच निघाले. छत्र्या दोन होत्या, दोन्ही भुऱ्यावर धरलेल्या.