जेवणाच्या टेबलावरचे इंजिन

जावई हा दहावा ग्रह असतो, असे म्हणतात. या घरात ते पद सासऱ्यांनी अडवून ठेवले होते आणि जावई बिचारा साडेसाती भोगत होता.

सासरे दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद करून बरीच वर्षे झाली होती, पण समोरच्याने तोंड उघडले की आतले काहीतरी दुरुस्त करायचे, ही खोड गेली नव्हती. जावई सूचनापुस्तिकांचा अनुवाद करायचा. मिक्सर, वॉशिंग मशीन, केस वाळवायचे यंत्र, जे येईल ते. 'हे उपकरण लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे' हे वाक्य त्याने इतक्या वेळा लिहिले होते की ते त्याला झोपेतही म्हणता आले असते. सासऱ्यांच्या मते ते वाक्य अपुरे होते. लहान मुलांच्या पुढे स्वल्पविराम देऊन 'आमचे जावईबापू' असेही त्यात हवे होते.

तरी संसार सुखाचा चालला होता, कारण सासऱ्यांकडे एक बोट होती. शिडाची, छोटी, त्यांच्या मुलीच्या वयाची. ती जुन्या धक्क्याला बांधलेली असे आणि सासरे सकाळी चहा घेऊन तिच्यावर जात ते दिवेलागणीला जेवायला परत येत. वारा असला तर शीड उभारून एक फेरी, नसला तर दिवसभर दोर सोडून परत बांधणे. मधल्या वेळात घर शांत असे आणि जावयाचे पानामागून पान हातावेगळे होई.

मग धक्क्यावर पाटी लागली. जुना धक्का बुजवणार. बोटींना बंदराच्या पलीकडे नव्या धक्क्यावर जागा मिळेल, पण बोटीने तिथे स्वतःच्या इंजिनावर गेले पाहिजे आणि बंदर अधिकाऱ्यासमोर पुढे आणि मागे चालून दाखवले पाहिजे. बंदरातून मालाच्या बोटी जातात, म्हणून शीड वापरायचे नाही. दोर लावून ओढत नेलेली बोट धरली जाणार नाही. दिलेल्या मुदतीनंतर जी राहील ती भंगारात.

सासऱ्यांच्या बोटीला इंजिन होते, पण घरात जसे एखादे पणजोबांचे घड्याळ असते तसे. खाऱ्या पाण्याने ते केव्हाच गंजून जाम झाले होते. सासरे म्हणत, ज्याला वारा कळतो त्याला डिझेल लागत नाही. आता वारा कळून उपयोग नव्हता.

जावयाने हिशेब केला. बोट गेली की सासरे घरी. घरी म्हणजे त्याच्या कामाच्या टेबलासमोरच्या खुर्चीत. याची एक चुणूक त्याला सासऱ्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मिळाली होती. डोळ्यावर पट्टी असताना सासऱ्यांनी त्याच्याकडून फ्रिजची पूर्ण पुस्तिका मोठ्याने वाचून घेतली होती आणि दर वाक्याला "म्हणजे काय?" असे विचारले होते. त्या अनुभवानंतर त्याने कानाला खडा लावला होता. तेव्हा त्याने रात्रीच्या जेवणात जाहीर केले की इंजिन मी दुरुस्त करतो. इंजिनाची मूळ पुस्तिका बोटीच्या पेटीत सापडली आहे, आणि जगात पुस्तिका नीट वाचणारा मी बहुधा एकटाच माणूस आहे.

सासऱ्यांनी घास गिळला. "पेन्सिलीला टोक करताना शिसं मोडतं यांचं," ते मुलीला म्हणाले, "पण असू दे. हौसेला मोल नाही."

इंजिन घरी आले. गॅलरी वजन घेईना, मागच्या अंगणात ओल, म्हणून ते जेवणाच्या टेबलावर बसले, कारण घरात तेवढी एकच वस्तू ठणठणीत होती. जेवणे ओट्याशी उभ्याने सुरू झाली.  बायकोचे औषधांचे दुकान होते आणि गिऱ्हाईक काय काय मागते हे पाहून ती कशानेच दचकत नसे. तिने फक्त एक नियम घातला. जो भाग सुटेल तो औषधाच्या कागदी पाकिटात जाईल आणि पाकिटावर चिठ्ठी लागेल. त्याप्रमाणे ती दुकानातून आल्यावर टेबलाच्या एका बाजूला बसे, नवरा दुसऱ्या बाजूला, मध्ये इंजिन. तो सोडवायचा, ती लिहायची. एका पाकिटावर सवयीने 'जेवणानंतर' असेही लिहून झाले होते.

सासरे सुरुवातीला फार खुशीत होते. त्यांनी दवाखान्यातली जुनी हत्यारे बाहेर काढली. दात कोरायच्या आकड्याने डिझेलच्या नळीच्या तोंडातली काजळी काढत ते इंजिनाला "आ करा, अजून मोठा" म्हणत, आणि जावयाला, "आयुष्यात पहिल्यांदा असा पेशंट मिळाला, जो मध्येच घोट गिळत नाही. तुम्ही मात्र हात लावू नका, फक्त वाचा." जावई वाचायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता, पण मार रोजचाच होता.

घोडे अडले ते पिस्टनपाशी. तो सिलिंडरमध्ये असा चिकटला होता की जणू तिथेच जन्मला. डिझेल आणि तेल मिसळून वरून ओतले, मुरू दिले, लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने ठोकले. पुन्हा ओतले, पुन्हा ठोकले. आठवड्यामागून आठवडे गेले. सगळ्या घराला डिझेलचा वास लागला. दुकानात एका म्हातारीने बायकोला विचारले की खोकल्याचं हे नवं औषध कोणतं. पिस्टन ढिम्म.

एका संध्याकाळी सासऱ्यांनी आकडा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "राहू दे आता. भंगारात देऊन टाका." आणि खुर्चीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ते बोटीवर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. ते जावयाच्या कामाच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले होते, नेमके तिथेच, जिथे ते बसतील अशी जावयाला धास्ती होती. पण त्यांनी काहीच विचारले नाही. जावयाने आधी सुटकेचा निःश्वास सोडला, मग त्याला चैन पडेना. त्याने पान्याला मुद्दाम हातोडी म्हटले. सासरे खिडकीबाहेर बघत राहिले. त्याने 'यंत्र बंद करण्यापूर्वी बंद करावे' असे एक वाक्य रचून मोठ्याने वाचले. काही नाही. शेवटी त्याने त्यांना बिनसाखरेचा चहा दिला आणि तो त्यांनी शांतपणे पिऊन टाकला. जावयाला हवी होती ती शांतता आता घरभर भरून राहिली होती आणि त्यात त्याला एक ओळ सुचत नव्हती.

बायको दुकानातून येऊन बापाकडे बघायची आणि स्वयंपाकघरात जायची. एकदा ती तिथूनच, मागे न वळता म्हणाली, "आमच्याकडे काही म्हातारी माणसं येतात. आधी कुरकुर करतात, किमतीवरून भांडतात. एक दिवस न भांडता औषध घेऊन जातात. ती परत येत नाहीत."

 जावई टेबलाशी गेला, ठोकळा ठेवला आणि हातोडी हाणली. पुस्तिकेत 'हळुवार' लिहिले होते. हळुवार हा शब्द त्याने स्वतः आयुष्यभर विकला होता आणि आज त्याला त्याचा राग आला. त्याने पुन्हा हाणली. कपाटातल्या बश्या हलल्या. पिस्टन नखभर खाली गेला.

तो खुर्चीपाशी जाऊन म्हणाला, "हलला."

"हं," सासरे म्हणाले. पण जरा वेळाने ते दारात येऊन उभे राहिले. 

त्यानंतर कामाला वेग आला. नव्या रिंगा, नवी गास्केटे, पाण्याच्या पंपाला नवा रबरी पंखा. पाकिटे एकेक करून रिकामी झाली. ज्या दिवशी इंजिन अंगणात लाकडी चौकटीवर चढवले, बादलीतून पाण्याची नळी लावली आणि जावयाने हँडल फिरवायला घेतले, त्या दिवशी शेजारणीने वाळत घातलेल्या चादरी आधीच काढून नेल्या. या घरावर तिचा तेवढा विश्वास होता. हँडल जड होते. तो फिरवत राहिला, बायकोने सिलिंडरची हवा मोकळी ठेवणारी वरची कळ सोडली आणि इंजिन एकदा खोकले, दोनदा खोकले आणि मग धक धक करत चालू लागले. काळा धूर पांढरा झाला, पांढरा विरळ झाला. सासऱ्यांनी खिडकीतून पाहिले. धूर आत येत असतानाही त्यांनी खिडकी लावली नाही.

मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात इंजिन बोटीत बसले. धक्का जवळजवळ मोकळा झाला होता. बंदर अधिकारी छत्री घेऊन उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर दिवसभर लोकांच्या बोटी बुडताना पाहिल्याचा थकवा होता. सासरे सुकाण्याशी बसले होते, म्हणजे मुलीने त्यांना दंडाला धरून आणून बसवले होते. ती दोर सोडायला. जावई गिअरच्या दांड्याशी.

इंजिन पहिल्या फेऱ्यात लागले. अधिकाऱ्याने मान हलवली. बायकोने दोर सोडला. जावयाने पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दांडा हलकेच पुढे ढकलला आणि बोट तितक्याच हलकेपणाने मागे गेली. त्याला वाटले जोर कमी पडला. त्याने दांडा आणखी पुढे ढकलला. बोट आणखी जोरात मागे गेली आणि मागे उभ्या असलेल्या एका भंगार बोटीच्या टायरांवर जाऊन आदळली.

इंजिन बंद झाले.  अधिकारी वरून म्हणाला, "बोट मागे जाते, हे सिद्ध झालं. आता पुढे जाते का ते दाखवा. माझी वेळ संपत आलीय."

नवरा बायकोकडे बघत होता, बायको नवऱ्याकडे. गिअरच्या बाजूला तार अडकवायला दोन भोके होती आणि पुस्तिका म्हणत होती की तार पुढच्या भोकात अडकवावी. बायकोने त्या भोकाला 'पुढचे' अशी चिठ्ठी लावली होती. जावयाने चिठ्ठी पाहून तार अडकवली होती. "पुढचं म्हणजे माझ्यापासून पुढचं," बायको हळूच म्हणाली. "मी टेबलाच्या ज्या बाजूला बसायची तिकडून." ती इंजिनाच्या नाकाशी बसायची. तिच्यापासून पुढचे ते इंजिनाचे मागचे. तार सोडवून परत लावायची तर बोटीच्या तळाच्या अर्ध्या फळ्या उघडाव्या लागणार होत्या आणि वरती छत्री मिटली जात होती.

 जावयाने सासऱ्यांकडे पाहिले नाही. 'भंगारात द्या' हे शब्द त्याला ऐकायचे नव्हते.

"मग ओढा की तो मागे," सासरे म्हणाले.

आवाज जुनाच होता. दवाखान्यातला. "पुढे ढकलला की मागे जाते, तर मागे ओढला की कुठे जाईल? का याचंही पुस्तक लागेल? एवढा शिकलेला माणूस. हँडल मारा. उभे काय राहिलात बाहुल्यासारखे, हँडल मारा."

जावयाने हँडल मारले. दांडा मागे ओढला. बोट पुढे गेली. अधिकाऱ्याने पाठमोरे व्हायचे थांबवले आणि मोटरसायकलवरून नव्या धक्क्याकडे निघाला.

बंदराच्या तोंडाशी समोरून वाळूची मोठी बोट आली. भोंगा वाजला. थांबायला हवे होते आणि जावयाचा हात स्वभावाप्रमाणे दांडा आणखी मागे ओढायला निघाला. सासऱ्यांनी सुकाणू न सोडता त्याच्या मनगटावर चापट मारली. "उलट! जे वाटेल त्याच्या उलट करा. तुम्हाला जे वाटतं त्याच्या उलट करून आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही." जावयाने उलट केले. बोट थांबली, जराशी मागे सरकली, वाळूची बोट आपल्या लाटा टाकून निघून गेली. बायकोने कठड्याला धरलेला हात सोडला नाही, पण तिचे खांदे हलत होते आणि ती हसते आहे की रडते आहे हे तिलाही नीटसे माहीत नसावे.

नव्या धक्क्यावर अधिकारी आधीच पोचला होता. पुढे, तो म्हणाला. जावयाने दांडा मागे ओढला, बोट पुढे गेली. मागे. दांडा पुढे, बोट मागे. अधिकाऱ्याने दांड्याकडे पाहिले असेल, नसेल. नियमात दांड्याचा उल्लेख नव्हता. त्याने धक्क्यावरच्या खांबाचा नंबर सांगितला, छत्री उघडली आणि निघाला.

जावई पाटावर बसला.  जीव भांड्यात पडतो म्हणतात, त्याचा पडला तेव्हा आवाज झाला असता तर धक्काभर ऐकू गेला असता. सासरे दोर बांधत होते. त्यांची पाठ ताठ होती आणि ते कुणाकडेही न बघता बोलत होते. तेलाचा डबा चुकीच्या बाजूला ठेवला आहे. धुराच्या नळीला पट्टी दोन हव्यात, एक चालणार नाही. डिझेलच्या नळीची गाठ कुणी घातली, ती गाठ आहे की बुटाची नाडी. रंग काय असा लावतात. दर वाक्याच्या शेवटी ते दोराला एक हिसका देत.

बायको बापाच्या बोलण्याकडे कान देऊन उभी होती. दुकानात एखादे भांडखोर गिऱ्हाईक परत आले की ती जशी उभी राहते तशी.

जावयाने सगळे ऐकून घेतले.  सासरे दम घ्यायला थांबले तेव्हा त्याने विचारले, "अजून काही?"

"अजून पुष्कळ आहे," सासरे म्हणाले. "चहा टाका. साखर घालून. मग सांगतो."